एका विचारधारेत माझा जिल्हा मावत नाही

"तू नक्की कुठल्या बाजूची?" हे मला हल्ली फार विचारतात. ऑफिसात विचारतात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, लग्नात जेवायला बसलं तरी विचारतात. कांद्याच्या निर्यातबंदीवर चिडून लिहिलं की मी सरकारविरोधी म्हणजे डावी ठरते, शेतमालाचा बाजार मोकळा करा म्हटलं की लगेच उजवी आणि भांडवलदारांची, मागेल त्याला रोजगार हमीचं काम मिळालंच पाहिजे म्हटलं की परत डावी, आणि तिहेरी तलाक बंद झाला ते योग्यच झालं म्हटलं की लोक थेट एका पक्षाचं नावच घेतात. प्रत्येक वेळी मी तीच असते आणि मतंही तीच असतात, गेली कितीतरी वर्षं.

म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी न्यूट्रल नाही हे आधी सांगून टाकते. "आपल्याला काय करायचंय राजकारणाशी" म्हणणाऱ्यातली मी नाही, कारण ज्याचं दरमहा ठरलेलं चालतं त्यालाच असं म्हणणं परवडतं. ज्याच्या पिकाचा भाव दिल्लीतल्या एका नोटिफिकेशननं रात्रीत पडतो त्याला राजकारणाशी सगळंच करायचं असतं. मला ठाम मतं आहेत, त्यावर मी भांडते, मतदान कधी चुकवत नाही. फक्त ही सगळी मतं एकाच विचारधारेच्या दुकानातून घेतलेली नाहीत, आणि ती तशी का नाहीत याचं कारण माझा जिल्हा आहे. नाशिक.

नुसता नकाशा बघा. भगूर, जिथे 1883 ला सावरकर जन्मले. नाशिक शहरातलं काळाराम मंदिर, जिथे 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. येवला, जिथे 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. लासलगावचं कांदा मार्केट. चांदवड, जिथे 1986 ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. मालेगावचे यंत्रमाग. आणि वर सुरगाणा, पेठ, कळवण, जिथले आदिवासी शेतकरी 2018 ला लाल टोप्या घालून मुंबईपर्यंत चालत गेले. एवढं सगळं एकाच जिल्ह्यात. यातलं एक गाव निवड आणि बाकीची खोटी म्हण, असं मला कुणी सांगितलं तर ते मला जमणार नाही.

घरातून सुरुवात करते. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील शेतकरी संघटनेचे. छातीला लाल बिल्ला लावून फिरणारे. संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करून बघितली आणि शेतकरी गरीब का राहतो याचं उत्तर त्यांनी दिलं की त्याला गरीब ठेवलं जातं, शहरात धान्य आणि भाजी स्वस्त राहावी म्हणून सरकारच भाव पाडतं. 1980 च्या ऊस-कांदा आंदोलनात नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले, रेल्वे अडवल्या, त्यात अण्णा होते, तेव्हा ते विशी-बाविशीचे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी पाढ्यांच्या आधी पाठ केलेली असणार. अनुदान नको, कर्जमाफीचे उपकार नकोत, फक्त आमच्या आणि बाजाराच्या मधून बाजूला व्हा, हे अण्णांचं राजकारण.

आणि कांद्यापुरतं ते बरोबर आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मी गावीच होते. ते दिवस लाल कांद्याचे. आता शहरातल्या वाचकांसाठी सांगते, उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-सहा महिने ठेवता येतो, भाव नसेल तर शेतकरी वाट बघू शकतो, पण लाल कांदा टिकत नाही, त्यात पाणी जास्त असतं, काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो. म्हणजे बंदी बरोबर त्या वेळेला आली जेव्हा शेतकऱ्याला थांबता येत नाही. लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर उतरले, आणि लिलाव परत सुरू झाले तेव्हा भाव बघता बघता निम्म्यावर. ट्रॉलीच्या कडेला उभं राहून अण्णा बघत होते, व्यापारी आला, दोन-तीन कांदे उचलून सालपट चोळून बघितलं, बोली लावली, पुढच्या ट्रॉलीकडे गेला. अण्णा काही बोलले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "याच्यात त्या माणसाचं काय चुकलं, त्याला पुढे माल पाठवायला दारच ठेवलं नाही." ती बंदी उठायला 4 मे 2024 उजाडला आणि उठली तरी 40 टक्के निर्यात शुल्क होतंच. याच्या आधी 2019 ला बंदी, 2020 ला बंदी, आणि त्याच्याही आधी दुसऱ्यांचं सरकार होतं तेव्हा किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव) वाढवून वाढवून जवळजवळ तोच परिणाम. पक्ष कुठलाही असो, शहरात कांदा महागला की हात कांदेवाल्याच्याच मानेवर जातो. त्यामुळे शेतमालाच्या व्यापारात सरकारनं असा हात घालू नये हे माझं पक्कं मत आहे आणि त्याला कुणी उजवं म्हटलं तर म्हणू दे.

पण त्याच घरात आजी होती.

आजीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. विहिरी आटलेल्या, रानात काही नाही, आणि सरकारी कामावर गेलं तर मजुरी आणि पोरांना सुकडी. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या त्याचं ती शेवटपर्यंत सांगायची, की गिळवत नव्हती पण पोटात पडत होती. आजीचं राजकारण एका वाक्याचं होतं, "सरकारनं काम काढलं म्हणून तुझा बाप जगला." अण्णा समोर बसलेले असायचे आणि या वाक्यावर त्यांच्याकडे उत्तर नसायचं, कारण ते तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि जगले होते.

त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागेंनी ती मांडली, 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. देशभराचा रोजगार हमी कायदा 2005 ला आला, त्याच्या कितीतरी आधी. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पैसा कुठून आणला ती. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 रुपये जातात, फेब्रुवारीत 300, तो कर 1975 ला मुळात या योजनेसाठी म्हणून बसवला. म्हणजे शहरात ठरलेला पगार घेणाऱ्यानं दुष्काळात काम मागणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावायचा. माझ्या ऑफिसात बहुतेकांना हा कर कसला आहे हे माहीतच नाही. मला माहीत आहे आणि मला तो द्यायला आवडतो, कारण माझ्या डोळ्यापुढे आजी येते.

आता अण्णांची विचारधारा पूर्ण घेतली तर आजीचं काय करायचं? आणि आजीच्या वाक्यावरून सगळंच सरकारच्या हातात द्यायचं ठरवलं तर डिसेंबर 2023 चं काय करायचं? दोन्ही एकाच घरात, एकाच रानात घडलेलं आहे, आणि दोन्ही खरं आहे.

अण्णांशी माझा खरा वाद मजुरीवरून होतो. आमच्याकडे कांदा लागवड उक्ती असते, एकराचा भाव ठरतो, आठ-दहा बायकांची टोळी येते, दिवस उगवायला वाकतात ते संध्याकाळी सरळ होतात. संघटनेचं म्हणणं असायचं की शेतमालाला भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल. मी अण्णांना म्हटलं, ज्या वर्षी कांद्यानं चांगले पैसे दिले त्या वर्षी तुम्ही बोलावून जास्त दिले का? नाही दिले. उक्त्याचा रेट वाढला तो दुसऱ्याच कारणानं, निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागांची कामं वाढली, तिकडं गाड्या भरभरून बायका जायला लागल्या, मग आमच्याकडे नाही म्हणायची त्यांची ताकद वाढली. ज्याला नाही म्हणता येतं त्याचीच मजुरी वाढते. रोजगार हमीचं काम गावात चालू असलं की तेच होतं, आणि म्हणूनच मोठे शेतकरी त्या कामांवर कुरकुर करतात हे मी ऐकलेलं आहे, अगदी आमच्या ओट्यावर बसून बोललेलं. बाजार हवा म्हणणाऱ्यानं मजुरालाही त्याच बाजारात ताठ उभं राहायची सोय हवी म्हणायला पाहिजे. अण्णांना हे पटतं का, अर्धं पटतं. पण ते ऐकून घेतात, एवढं त्यांच्या चळवळीनं त्यांना शिकवलंय.

आणि आता ज्या गोष्टीनं माझ्या डोक्यातल्या डाव्या-उजव्याच्या भिंती पडल्या ती सांगते. 6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला, 12 तारखेला आझाद मैदानावर पोचला. हजारो माणसं, बरीचशी सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी, पायात धड चप्पल नाही, कित्येकांच्या तळपायाची सालं निघालेली. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांची परीक्षा आहे म्हणून दिवसा रस्ता न अडवता रात्रीच चालत आझाद मैदान गाठलं. झेंडे लाल, विळा-हातोड्याचे. आणि मुख्य मागणी काय होती? जी वनजमीन आम्ही पिढ्यानपिढ्या कसतो ती आमच्या नावावर करा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं देऊ केलेली जमीन, जी विकता येत नाही पण पोरांना देता येते, तिचा कागद आमच्या हातात द्या.

जमिनीवर कसणाऱ्याचं नाव! ही मागणी तर खुल्या बाजारवाल्यांच्या पहिल्या पानावर असायला पाहिजे, की सरकारच्या मालकीत अडकलेली जमीन माणसाच्या नावावर आली पाहिजे. ती घेऊन चालत कोण होतं तर कम्युनिस्ट. आणि उलटं बघा, बायकांच्या नावावर जमीन करा ही मागणी कुणाच्या तोंडी शोभते म्हणाल, स्त्रीवादी, डाव्या संघटनांच्या. तर आमच्याकडे ती गावागावात नेली शरद जोशींच्या संघटनेनं, लक्ष्मीमुक्ती म्हणून. चांदवडच्या अधिवेशनाला आई गेली होती, नवीन लग्न झालेलं, सासूबरोबर गेली, एवढ्या बायका एका ठिकाणी तिनं त्याआधी फक्त जत्रेत बघितल्या होत्या. पुढं काही वर्षांनी अण्णांनी दोन एकर आईच्या नावावर केली. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे. अण्णांचं कौतुक म्हणून हे सांगत नाही, त्याचा परिणाम काय झाला ते सांगते, त्यानंतर सोसायटीच्या कर्जासाठी, बोअरसाठी, कशाहीसाठी आईला न विचारता कुणाला पुढे जाता आलं नाही, सही लागायची ना तिची. ती सही करायच्या आधी विचारायची, कशाला, किती, फेडायचं कसं. माझ्या शिक्षणाचा निर्णय झाला तेव्हा तिच्या शब्दाला जे वजन होतं त्याच्या मागं ते दोन एकर होते असं मला आज स्पष्ट दिसतं.

तर यातलं डावं काय आणि उजवं काय हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पण बाजारवाल्यांना आणि लाल झेंडेवाल्यांना, दोघांनाही जे बराच काळ धड दिसलं नाही ते माझ्याच जिल्ह्यात येवल्याला आणि काळारामाच्या दारात घडलेलं आहे. कांद्याला भाव मिळाला किंवा कारखाना कामगारांच्या मालकीचा झाला म्हणून पाणवठ्यावरची जात जात नाही. काळाराम सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर उभे राहिलेले दादासाहेब गायकवाड आमच्या दिंडोरी तालुक्यातले. ते माझ्यासाठी फार मोठे आहेत आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे सगळे होते, दादासाहेब त्यातूनच 1957 ला नाशिकमधून लोकसभेवर गेले. नंतर 1959 आणि 1964 ला त्यांनी भूमिहीनांसाठी जमिनीचे सत्याग्रह केले, तेव्हा त्यांच्याच माणसांनी त्यांच्यावर आरोप केला की हे कम्युनिस्टांच्या नादी लागले. भूमिहीन माणूस जातीनंही मारलेला आणि जमिनीनंही मारलेला, मग त्याच्यासाठी लढताना शेजारी लाल झेंडा आहे का निळा हे बघत बसायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

खुद्द बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर मुंबईत संप केला, आणि त्याच बाबासाहेबांनी 1956 ला काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसा आणि हुकूमशाहीचा रस्ता मला मान्य नाही हे स्पष्ट सांगितलं. बरोबर काम केलं, डोकं गहाण ठेवलं नाही. मला एवढंच करायचंय, माझ्या लहानशा कुवतीत.

सावरकरांचंही तसंच. गाय उपयुक्त पशू आहे, देवता नाही, असं लिहिणारे, रत्नागिरीत पतितपावन मंदिर सगळ्या जातींना उघडं करणारे सावरकर मी वाचते आणि मला ते धाडस मोठं वाटतं. पण ज्याची पुण्यभूमी इथली नाही तो या राष्ट्राचा पुरा नाही, ही त्यांची व्याख्या मी मान्य करत नाही, कारण मालेगावात यंत्रमागावर बारा बारा तास उभा असलेला माणूस त्या व्याख्येत बाहेर पडतो, आणि तो बाहेरचा नाही. भगूरचं नाव घेतलं की काही मित्र दचकतात, मालेगावचं घेतलं की दुसरे दचकतात. दोन्ही गावं आमच्याच जिल्ह्यातली आहेत.

तिहेरी तलाकवरूनही माझ्या बऱ्याच मित्रांना माझा राग येतो. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला होता. सात! तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला पुरोगामी म्हणवणारे बहुतेक जण या प्रश्नावर अवघडून गप्प बसले. 2017 ला सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, मला मनापासून आनंद झाला. 2019 च्या कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद घातली ती मला चूक वाटते, बाकी कुठल्या धर्मातल्या नवऱ्यानं बायको टाकली तर त्याला असं जेलमध्ये घालत नाहीत आणि आत गेलेला नवरा पोटगी कुठून देणार. ही दोन्ही मतं एका पोस्टमध्ये लिहिली तर दोन्हीकडून शिव्या पडतात. पडू देत.

आता यावर मला एक जण म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही, की "असं निवडून निवडून घ्यायचं म्हणजे सोयीचंच घ्यायचं की. आज इकडे उद्या तिकडे करणारे आमदार तरी वेगळं काय करतात, ते पण विकासाचंच नाव घेतात." 2022 आणि 2023 ला महाराष्ट्रात जे झालं ते बघितल्यावर हा प्रश्न विचारायलाच हवा. माझं उत्तर असं की माझं मत बदलायला ज्या गोष्टीला मी परवानगी देते ती ठरलेली आहे. माझ्या मताची किंमत कोण मोजणार हे मी बघते. मोजणारी मी नसून उक्ती लागवड करणारी बाई असेल तर मी दहा वेळा विचार करते. आणि सत्तेत माझ्या आवडीचे लोक असताना मी हेच म्हणाले असते का, हे स्वतःला विचारते. 2020 च्या कृषी कायद्यांच्या वेळी हेच केलं. बाजार समितीच्या बाहेर विकायची मोकळीक मला हवीच होती, अण्णांना तर तीस वर्षं हवी होती. पण राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानानं कायदे पास करायचे, आणि शेतकरी-व्यापारी तंटा दिवाणी कोर्टात न नेता प्रांताधिकाऱ्याकडे न्यायचा, हे मला मान्य नव्हतं. हेतू आवडला म्हणून पद्धत माफ करायची सवय लागली की उद्या न आवडणाऱ्या हेतूसाठी तीच पद्धत वापरली जाते. अण्णा तेव्हा माझ्यावर जाम चिडले होते, दोन दिवस नीट बोलले नाहीत.

आणि एक गोष्ट कबूल करायलाच पाहिजे, माझ्यासारख्यांच्या जिवावर चळवळ उभी राहत नाही. अण्णांच्या संघटनेचे तुकडे झाले, लोक पक्षांत गेले, कुणी ठेकेदार झालं, पण अण्णा आणि त्यांच्याबरोबरचे पाच-सात म्हातारे अजून महिन्याला एकदा भेटतात, बिल्ला लावून. सुरगाण्याकडचे लाल झेंडेवाले, टीव्हीवर असले नसले तरी, वनहक्काच्या दाव्यांच्या फायली घेऊन वर्षानुवर्षं प्रांत ऑफिसच्या पायऱ्या चढतात. एका विचाराला आयुष्य दिलेली माणसं आहेत ही. प्रत्येक वेळी नव्यानं विचार करणारी मी मोर्च्यात सामील होऊ शकते, तो वीस वर्षं टिकवून धरायला ती माणसं लागतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि कुणी तरुण मुलगी मला म्हणाली की मी एका संघटनेत पूर्ण उतरतेय तर मी तिला जरूर जा म्हणेन, फक्त आजीसारखं कुणीतरी घरात असू दे, समोर बसून एक वाक्य ऐकवणारं.

सध्या मी अडकलेय ती हमीभावाच्या कायद्यावर. अण्णा म्हणतात हमीभावाची कायदेशीर सक्ती म्हणजे सरकार परत बाजारात घुसणार, व्यापारी खरेदीच बंद करेल. लाल झेंड्याचे म्हणतात हमीशिवाय लहान शेतकरी उभाच राहणार नाही. कांद्याला हमीभावच नाही त्यामुळे आमच्या घरच्या अनुभवावरून मला ठरवता येत नाही. मराठवाडा-विदर्भातले सोयाबीन, कापूस, तुरीवाले कुणी हे वाचत असतील तर सांगा, तुमच्याकडे जाहीर झालेला हमीभाव आणि हातात पडलेला भाव यात काय होतं, खरेदी केंद्र कधी उघडतं, ओलाव्याच्या नावाखाली किती माल परत पाठवतात. पक्षाचं मत नको, तुमच्या मालाचं काय झालं ते लिहा, त्यावरून मी अण्णांशी पुढचं भांडण करेन.